मोजदाद

सामान नेणाऱ्या कंपनीचा पोरगा दारातच म्हणाला,
"बाई, पियानो नेऊ, डीप फ्रीझर नेऊ,
काडतूस मात्र एकही नाही."
म्हणून काडतुसं ऑर्व्हिलच्या गोठ्यात गेली
आणि बंदुका आमच्याबरोबर, पिकअपच्या मागच्या भागात,
रजयांत गुंडाळून, पेट्यांना कुलपं घालून.
अकरा.

ग्लासगो, मोंटाना. तिथून डेटन, ओहायो.
नकाशात तीन दिवस, माझ्या कमरेच्या हिशेबानं चार.

आदल्या रात्री टेबलावर बसून
मी एकेकीचा नंबर उतरवत होते
पाककृतींच्या कार्डांच्या पाठीवर.
रूबार्ब पायच्या मागे विंचेस्टर.
लोखंडावरचे आकडे पुसट, भिंगातही धड दिसेनात.
मी अडले की समोरून व्हर्लिन सांगायचा,
न बघता, सूप फुंकत:
सहा, शून्य, शून्य, चार.
त्याच सकाळी त्यानं मला विचारलं होतं,
"हे घर कुणाचं? आपण कधी निघायचं?"

तो झोपल्यावर मी बोल्ट काढले.
सगळ्यांचे निघत नाहीत. ज्यांचे निघतात त्यांचे,
दुधाचा दात काढावा तसे, जरा हलवून.
त्याच्याच लोकरी मोज्यात भरले,
मोजा कॉफीच्या डब्यात,
डबा माझ्या सीटखाली.
त्रेपन्न वर्षांत त्याच्यापासून लपवलेलं
एवढंच.

दर पंपावर तो विचारतो, "किती आहेत?"
"अकरा."
"मोजल्यास?"
"मोजल्या."
मग निवांत होतो. लेकीचं नाव सुटलंय हातातून,
हा आकडा सुटत नाही.
जोलीननं फोनवर तीनदा बजावलंय,
माझ्या घरात पोरं आहेत, आई,
एकही नको. गावातल्या दुकानदाराकडे
तळघर भाड्यानं घेतलंय तिनं.
हे त्याला कुठल्या पंपावर सांगायचं
ते मी रोज पुढच्या पंपावर ढकलते.

जेम्सटाउनच्या मोटेलात पेट्या आत आणल्या,
गाडीत सोडून झोपायचं नसतं म्हणून.
चार खेपा. काउंटरवरची मुलगी बघतच राहिली.
दुसऱ्या पलंगावर ओळीनं ठेवल्या,
तर हा उठला, आपल्या पलंगावरचं पांघरूण काढलं
आणि त्यांच्यावर घातलं.
"गारठा आहे," म्हणाला.
आम्ही दोघं कोट घालून झोपलो.

अंधारात, बऱ्याच वेळानं:
"क्लोव्हरला तूच ना?"

क्लोव्हर आमची घोडी. पाय मोडला तेव्हा
डॉक्टर नव्वद मैलांवर, रस्ता बर्फात.
गावभर माहीत आहे की व्हर्लिननं तिला सोडवलं.
त्यानंच सांगितलं तसं, तीस वर्षं,
कॉफी पिता पिता, प्रत्येक वेळी थोडं कमी बोलून.
मी कधी मध्ये तोंड घातलं नाही.
तो गोठ्यामागे उभा होता,
कानांवर हात, टोपी बर्फात पडलेली.

आता गोष्ट गळून गेली त्याच्यातून,
घडलं तेवढंच राहिलं.
"हो," म्हटलं. "मीच."
"हात थरथरला का तुझा?"
"नाही."
खोटं. अजूनही त्याला नीट झोप लागते
असल्या खोट्यावर.

इंडियानात, लाफायेटच्या अलीकडे,
मी पैसे देऊन परत आले
तर डबा त्याच्या मांडीवर.
झाकण उघडं. मोजा बाहेर नव्हता काढलेला,
फक्त वरून चाचपत होता, एकेक,
शेंगेतले दाणे चाचपावेत तसा.
ओठ हलत होते.
मी दार धरून उभी राहिले, पंपावरची पावती मुठीत.
त्यानं झाकण लावलं,
तळव्यानं दाबून कडेपर्यंत बसवलं,
आणि वाकून, कण्हत, डबा सरकवला
माझ्या सीटखाली, होता तिथेच.

मग समोर रस्त्याकडे बघत म्हणाला,
"किती आहेत?"